शिशाचे मणी

छत्री हे काही तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव आईबापांनी हौसेने ठेवलेलं होतं, पण लग्नाआधीच्या एका रविवारी ते जे गेलं ते गेलंच. चर्चच्या मंडळीतली पोरंसुद्धा तिला छत्रीकाकू म्हणायची, आणि त्यांच्या आया त्यांना गप्प करण्याऐवजी तोंड फिरवून हसायच्या.

ती जन्माची कॅथलिक. तान्ही असताना फादरांनी कपाळावर पाणी ओतलं आणि तिचा बाप्तिस्मा झाला. नवरा मिळाला बॅप्टिस्ट. त्यांच्या हिशेबी तान्ह्या बाळाच्या कपाळावर ओतलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. माणसाने कळत्या वयात विश्वास कबूल करावा, हौदात उतरावं, नखशिखांत बुडावं आणि वर यावं, तोच काय तो बाप्तिस्मा. लग्न हवं असेल तर बुडावं लागेल, असं होणाऱ्या सासूने तोंडावर सांगितलं. सासूला अख्खी मंडळी दुर्बीण म्हणायची, कारण तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे.

मुलगी आपल्या म्हाताऱ्या फादरांकडे रडत गेली. ते म्हणाले, "बाळ, तुझा बाप्तिस्मा झालाय. तो दुसऱ्यांदा होत नसतो. तिकडे जे करतील ती अंघोळ समज."

अंघोळच समजून ती गेली. पण हौदाच्या काठावर बॅप्टिस्टांच्या पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "याआधी तुझा खरा बाप्तिस्मा झालेला नाही, हे तुला मान्य आहे?" आणि ती "हो" म्हणाली. अंघोळीला कुणी असलं काही विचारत नाही. तो "हो" तिच्या घशात पुढे कायमचा अडकून बसला.

मग झग्याची गोष्ट. हौदात उतरणाऱ्याला पांढरा झगा घालतात. कापड पाण्यावर तरंगतं, म्हणून झग्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे मणी शिवलेले असतात. त्या वजनाने झगा खाली राहतो आणि लाजही. झगे सांभाळायचं काम तेव्हा दुर्बिणीकडे होतं. तिने स्वतःच्या हाताने एक झगा होणाऱ्या सुनेच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "हा घे, हा तुझा."

ती दुसऱ्या पायरीवर पोचते न पोचते, तोच झगा छत्रीसारखा फुगून कमरेपर्यंत वर आला. ती दोन्ही हातांनी दाबत राहिली, तर तो दुसरीकडून वर यायचा. समोर भरलेली बाकं, त्यात होणारा नवरा, सासरा, सगळे. आधी कुणीतरी खोकलं, मग हशा पिकला. आणि दुर्बीण पहिल्या बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ओतलेलं पाणी अजून अंगात आहे हो! हौद काही घेत नाही हिला!"

संध्याकाळी ओले झगे वाळत घालायचं काम नव्या मुलीकडेच आलं. ती शिवणकामात वाढलेली. आपल्या झग्याची दुमड तिने उलटून पाहिली. दोरा कुजला नव्हता की तुटला नव्हता. कात्रीने उसवलेला होता, टाक्यामागून टाका, निवांत बसून.

कुणाला सांगणार? नवऱ्याला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, आईच्या हातून असं होणार नाही. आणि झालं असलं तरी जाऊ दे ना आता." तिने जाऊ दिलं नाही. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक बारशाला दुर्बीण पाहुण्यांपुढे छत्रीची कथा रंगवून सांगायची, आणि छत्री चहा ओतता ओतता ती पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. राग असा शिळा होत नाही, मुरतो.

त्याहून वाईट म्हणजे, आपण कोण हेच तिला कळेनासं झालं. जुन्या चर्चवरून जाताना हात आपोआप कपाळाकडे जायचा, क्रूसाची खूण करायला. मग सासूची नजर आठवायची आणि तोच हात केस सारखे करायचा. इतक्या वर्षांत तिने इतक्या वेळा केस सारखे केले की नवरा म्हणायचा, तुझ्याइतकी टापटीप बाई बघितली नाही. बॅप्टिस्टांच्या उपासनेत बसलं की वाटायचं, मी इथली नाही. कॅथलिकांच्या दाराशी गेलं की तो "हो" आठवायचा, आणि वाटायचं, मी इथलीही उरले नाही.

आणि मग एक दिवस छत्रीला ज्यांनी बुडवलं त्या जुन्या पाळकांचा भाऊ गावाला आला. पाळक वारून बरीच वर्षं झाली होती. उपासनेनंतर चहा पिता पिता तो भाबडा माणूस कौतुकाने बोलून गेला, "आमच्या घरात कुणालाच बुडवलं नाही हो. आम्हा सगळ्यांवर लहानपणी नुसतं पाणी शिंपडलेलं. दादासुद्धा!"

नव्या तरुण पाळकांच्या हातातली बशी खाली आली. ज्या माणसाने अर्ध्या मंडळीला बुडवलं, तो स्वतः कधी बुडालाच नव्हता! नव्या पाळकांनी आठवडाभर उपास केला, प्रार्थना केली आणि निकाल दिला. जो स्वतः बुडाला नाही त्याने बुडवलेलं धरता येत नाही. जुन्या पाळकांच्या हातून हौदात उतरलेल्या सगळ्यांनी पुन्हा उतरायचं.

म्हणजे छत्रीचा तो रविवार झालाच नव्हता. आणि दुर्बिणीचाही नव्हता; तिलाही त्यांनीच बुडवलं होतं.

दुर्बीण अंथरुणाला खिळायचीच बाकी राहिली. "मग इतकी वर्षं मी कोण होते?" ती भिंतीला विचारायची. "प्रार्थना केल्या त्या कुणी केल्या? उद्या डोळे मिटले असते तर?" स्वयंपाकघरात छत्री भांडी घासत हे ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं. हाच प्रश्न तिने अठरा वर्षं गिळला होता. आता म्हातारीलाही कळू दे त्याची चव.

झगे शिवायचं काम साहजिकच छत्रीकडे आलं. आता तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं. सासूचा झगा हाती घेतला तेव्हा तिचा बेत पक्का होता. मणी घालायचे, पण कच्च्या धाग्याने. पाणी लागलं की सुटले पाहिजेत. पहिल्या बाकावर आपण बसायचं आणि सासूचं तेच वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. तिने ते कापड कापताना पुटपुटूनही पाहिलं.

दुपारी सासू माप बघायला दुकानात आली. दुर्बिणीच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होता, दाराची चौकट चाचपत आली. झगा अंगावर चढवून उभी राहिली आणि थोड्या वेळाने अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मणी घातलेस ना गं?"

छत्रीने हातातला दोरा दातांनी तोडला.

"घातले की, आई."

"पक्के आहेत ना?"

"बघा ना तुम्हीच."

म्हातारी वाकली. दुमड डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. काही दिसेना. बोटांनी चाचपलं, तर मणी लागले, पण टाका कच्चा की पक्का हे त्या थरथरत्या बोटांना काय कळणार!

"तू असं काही करणार नाहीस," सासू म्हणाली.

"कसं काही?"

सासूने ओठ मिटले. अठरा वर्षांची कबुली त्या मिटलेल्या ओठांत होती आणि छत्रीने ती डोळे भरून पाहिली. तेवढ्यात तिने बेत बदलला. दया आली म्हणून नव्हे. झगा वर आला असता तर हसू पाच मिनिटांत संपलं असतं आणि म्हातारीला रडायला कारण मिळालं असतं. त्यापेक्षा तिची ही धास्तीच बरी. म्हातारी गेल्यावर तिने कच्चा धागा उसवला आणि दुहेरी दोऱ्याने, मशीनवर दोनदा टीप मारून, मणी पक्के केले. मग आपला झगा जवळ ओढला, आपल्या वाटचे मणी तळहातावर घेऊन बराच वेळ बसली, आणि उठली.

रविवारी बाकं भरली. छत्री झगा घालून मागच्या खोलीच्या दारात उभी होती. सासूनंतर तिचीच पाळी होती. दुर्बीण पायऱ्या उतरू लागली. दोन्ही मुठींत झगा गच्च धरलेला, कोपरं बाहेर काढलेली.

"आजी, हात छातीवर घ्या," पाळक म्हणाले.

म्हातारीने मान हलवली. मुठी सोडेना.

"आजी, हात सोडा."

"नाही सोडायची! वर येईल!"

"काय वर येईल?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांनी तिला तशीच धरून बुडवलं. ती वर आली तोच एक वडीलधारे उठून म्हणाले, "कोपर राहिलं!" बुडायचं म्हणजे सगळं बुडायचं, त्यात सूट नाही. पुन्हा बुडवलं. आता दुसरं कोपर राहिलं. तिसऱ्या वेळी पाळक स्वतःच घसरले, आणि हशा असा उसळला की पेटीवाल्याने उगाचच गाणं सुरू केलं. झगा मात्र एक इंचही वर आला नाही.

मागच्या खोलीत म्हातारी निथळत, कुडकुडत उभी राहिली. छत्रीने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मग खाली बसून ओली दुमड तिच्या हातात दिली.

"चाचपा आई. सगळे आहेत. एकसुद्धा सुटला नाही."

म्हातारीची बोटं दुमडीवरून फिरत राहिली. "इतके जड कसे गं?"

"माझ्या वाटचेही तुमच्यातच घातलेत."

"आणि तुझ्या झग्यात?"

"एकही नाही."

बाहेरून पाळकांनी तिचं नाव पुकारलं. छत्री नव्हे, आईबापांनी ठेवलेलं, खरं. म्हातारी भेदरून म्हणाली, "अगं, मग तुझा झगा वर येईल!"

"पाण्यात गेले तर येईल ना. माझा झालाय, आई. तान्ही होते तेव्हाच. एकदाच होतो तो."

तिचा हात वर गेला, कपाळावर टेकला, तिथून छातीवर, मग या खांद्यावर, त्या खांद्यावर. सासूच्या हातभर अंतरावर, तिला मोतीबिंदूतूनही दिसावं इतक्या सावकाश. केस विस्कटलेले होते ते तसेच राहू दिले. बाहेर पुन्हा पुकारा झाला. तिने कोरडा झगा काढला, नीट घडी घालून म्हाताऱ्या बाईच्या ओल्या हातांत ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली.