निळ्या दोऱ्याची चादर

"ताई, ती चादर आहे, नवरा नाही. किती वेळ धरून उभी राहशील?"

इस्त्रीच्या टेबलामागून आवाज आला आणि धुलाईघरातल्या दोघी-तिघी हसल्या. ताईही हसली. वीस वर्षं ती रुग्णालयाच्या या धुलाईघरात होती, यंत्रातून चार-चार ओल्या चादरी एका दमात उपसायची. आज एकच तिला पेलेना. चादर टोपलीत सोडून ती बाकावर टेकली.

बोलणारी होती भोंगा. या इस्त्रीवालीचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. कानावर पडलेली गोष्ट तिच्या पोटात जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नसे. कुणाची सून रुसली, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तिच्या टेबलावरून चारी मजल्यांवर पोचायचं. म्हणूनच सहा दिवस ताई तिच्याकडे पाठ करून काम करत होती.

सहा दिवसांपूर्वी ताईने गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या होत्या. वय त्रेचाळीस, लग्न झालेल्या लेकीला सातवा महिना. पाळी चुकली तेव्हा वाटलं, जायचीच वेळ आली. तपासणीत निघालं भलतंच. नवऱ्याला सांगितलं, तर तो बराच वेळ चप्पल शोधत राहिला, पायांत असलेली. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं." मायलेकी एकदमच पोटुशा, हे चारचौघांत कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. स्वतःच्या रुग्णालयात जायचा तर प्रश्नच नव्हता. दोन बस बदलून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी न रागावता समजावलं आणि एक कागद हातात दिला.

"एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास असंच झालं, किंवा ताप राहिला, घाण वास यायला लागला, तर जवळच्या दवाखान्यात जायचं. लाजायचं नाही."

ताईने मान हलवली. कागद घरी शिवणाच्या डब्यात, बटणांखाली गेला.

पण पॅड मोजणं तिच्या अंगवळणी नव्हतं. रक्त ती आजवर चादरींवर मोजत आली होती. तळहाताएवढा डाग म्हणजे काहीच नाही. बाळंतिणींच्या चादरी तर पिळल्या तरी लाल पाणी थांबत नसे, आणि त्याच बायका दोन-तीन दिवसांत पोर घेऊन घरी जाताना तिने पाहिल्या होत्या. त्यांच्यापुढे आपलं ते काय, असं म्हणत तिने दिवस ढकलले. मधे जरा उतार पडला होता. चौथ्या दिवसापासून पुन्हा वाढलं. कालपासून अंगात कणकण होती आणि एक वास, जो तिने साबणाच्या वासाखाली दडवला. शिवाय आतून कुणीतरी म्हणत होतं, केलंस ना, मग निस्तर आता. आपण हे भोगलंच पाहिजे असं तिला मनापासून वाटत होतं.

भोंगा टेबल सोडून आली आणि तिने ताईच्या कपाळाला हात लावला.

"दिवसभर माझा हात इस्त्रीवर असतो, आणि तू मला गरम लागतेस."

"पाळी जायची वेळ आली ना. होतं असं."

"पॅड किती बदललेस सकाळपासून?"

ताईने घड्याळाकडे पाहिलं. नऊला आली होती, आता अकरा वाजत होते. "चार. हा पाचवा."

भोंगा तिच्याजवळ बसली. "गोळ्या घेतल्यास?" इतका हळू आवाज तिच्याजवळ आहे हे ताईला ठाऊकच नव्हतं.

ताईला रडू फुटलं. "कुणाला सांगू नको. मी तिकडे जाते, बसने."

"बसमधेच आडवी होशील. वर चल."

"वर सगळे ओळखतात गं मला."

"म्हणून तर. ओळखीच्या माणसाला रांगेत बसवत नाहीत."

सामानाच्या लिफ्टमधून ती ताईला घेऊन गेली. वाटेत कुणी विचारलं की ठणकावून सांगायची, "अपचन झालंय. शिळंपाकं खाते, ऐकत नाही." ताईला त्या खोट्याचा इतका आधार वाटला की तिने पोट धरून अपचन झाल्यासारखं तोंडही केलं.

बायकांच्या वॉर्डात ताईने भिंतीकडे तोंड करून खरं सांगितलं. सोनोग्राफीत दिसलं, थोडा भाग आतच राहिला होता आणि संसर्ग झाला होता. दुपारीच पिशवी साफ केली, सलाईन लावलं, औषधं सुरू केली. नर्स म्हणाली, "आणखी एखादा दिवस काढला असतात तर अवघड होतं."

ताईला ते नीट ऐकूही आलं नाही. ती अंगाखालच्या चादरीकडे बघत होती. काठाशी निळ्या दोऱ्याचा रफू होता. मागच्या महिन्यात पांढरा दोरा संपला म्हणून तिनेच तो निळ्याने घातला होता. चादर मध्यभागी लाल झाली होती. सकाळी ती खाली जाणार, धुलाईघरात सगळ्यांसमोर उलगडणार, आणि ताईची गैरहजेरी आणि हा डाग जोडायला कुणाला वेळ लागणार होता? तिने चादर ओढायचा प्रयत्न केला.

"ही मी घरी नेते धुवायला."

"मावशी, पडून राहा. चादर जाईल खाली," नर्स म्हणाली.

ताई रडली ती दुखण्यापायी नाही, शरमेने.

दहा दिवसांनी ती कामावर आली. दारातच एकीने विचारलं, "पोट बरं आहे ना आता?" दुसरी म्हणाली, "शिळं खात जाऊ नका." ताईने त्यांच्या डोळ्यांत शोधलं. अपचनापलीकडे तिथे काही नव्हतं.

भोंगा कुठल्याशा कारकुनाच्या भांडणाची कथा सगळ्यांना ऐकवत होती. टेबलावर चादर होती, काठाला निळा रफू. ताईने मध्यभागी हात फिरवला. डागाची सावलीसुद्धा नव्हती.

"कुणी धुतली?"

भोंग्याने कथा थांबवली. मान वर न करता म्हणाली, "गार पाण्यात. हातानेच. गरम लावलं की डाग कायमचा बसतो, तूच शिकवलंस ना."

भोंग्याने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "धर. ओझं मी घेते, तू नुसती टोकं धर." दोघींनी चादर ताणली, टोकाला टोक लावलं. भोंगा पुन्हा मोठ्याने कारकुनाच्या भांडणाकडे वळली, आणि ताईने निळा रफू आत जाईल अशी घडी घातली.