नळाचं भरलंत ना?

त्या गुरुवारी आप्पा गच्चीत शेजारच्या पाडलेल्या घराचं काँक्रीट कुटत बसले होते. काळेवाडीत घर पाडलं की राडारोडा फुकट मिळतो, आणि फुकटची वस्तू आप्पा सोडत नसत. तीस वर्षं निकेल प्लेटिंगमध्ये घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून एकच उद्योग: ड्रममध्ये चुरा भरायचा, वरून दोस्ताच्या वर्कशॉपमधलं निकेलचं हिरवं सांडपाणी ओतायचं आणि खाली काय गळतं ते बघायचं.

"साधना, एवढी बाटली तुझ्या लॅबला ने," त्यांनी सुनेला सांगितलं.

पाणी नितळ होतं. "आप्पा, नळाचं भरलंत ना?"

"मी कशाला सांगू? तुझं मशीन सांगंल की."

चाकणच्या लॅबमध्ये तिने दुपारी तपासलं. निकेल जवळजवळ नव्हतंच. म्हाताऱ्याने फिरकी घेतली म्हणायची! खालचे आकडे न वाचताच तिने कागद पर्समध्ये कोंबला.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय मशीन?"

"उद्या सांगते," म्हणून ती पोळ्या लाटायला बसली.

सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

पुढे आठ दिवस लोक येत होते, ती चहा देत होती, आणि डोक्यात एकच गुंता. नळाचंच भरलं होतं, तर विचारताना आप्पांचा चेहरा एवढा आशेने भरलेला का होता? की तिलाच आता तसा आठवत होता?

नवव्या दिवशी तिने कागद उलगडला. पीएच अकरा. नळाचं पाणी एवढं चढत नाही. ही तर चुन्याची निवळी, सिमेंटमधून झिरपलेली. ती गच्चीत गेली. ड्रममधल्या चुऱ्यावर पोपटी साका धरला होता. निकेल तिथे बसलं होतं.

दहाव्याला आळंदीच्या घाटावर कावळा शिवेना.

"आप्पा, आईला मी सांभाळतो," धाकटा मुलगा जयदीप हात जोडून म्हणाला. कावळा फांदीवरच.

"चहा ठेवून बघा राव," वर्कशॉपवाला दोस्त म्हणाला. "बिनचहाचा कधी हलला नाही हा." चहाही ठेवून झाला.

"भीमराजचं काय अडकलंय, कुणाला ठावं हाय का?" आप्पांची बहीण आक्काआत्या रडवेली झाली.

साधना पुढे झाली. एवढ्या माणसांत हे कसं सांगावं, आणि सांगून आता कुणाला कळणार?

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "ते पाणी नळाचं नव्हतं. मशीनने त्याच दिवशी सांगितलं होतं. मीच तुम्हाला सांगितलं नाही."