पाच जणांचे कलम

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. अकरा पानांची, दोन पिनांची. नियमावलीला कसले आलेय आयुष्य, असे म्हणून हसू नका. आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला.

माझा जन्म सौदी अरेबियातल्या धाहरानमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. दापोलीकडच्या मोहियुद्दीन नावाच्या गृहस्थांनी मला लिहिले. गावी असताना ते एका राजकीय पक्षाच्या तालुका कार्यालयात चिटणीस होते. वर्गणी तालुक्याने गोळा करायची, राज्याच्या कार्यालयाने ती मागून न्यायची आणि हिशेब विचारला की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे, हा तमाशा त्यांनी पंधरा वर्षे पाहिला. राज्य आणि तालुका यांनी पैसा मिळून कसा सांभाळायचा याचा कायदाच हवा, असे ते पक्षात सांगून थकले. कोणी दाद दिली नाही. शेवटी सौदीत आल्यावर गाववाल्यांच्या मदत मंडळासाठी त्यांनी तो कायदा केलाच. धाहरानला मध्यवर्ती समिती, बाकी शहरांत शाखा. पैसा सगळ्यांचा धाहरानला एकत्र, पण ज्या शाखेचा पैसा तिच्या संमतीशिवाय तो हलणार नाही.

मी हफ्र अल बातिनच्या शाखेच्या वाट्याला आले. तिथे नऊ सभासद होते. मला मंजूर करायच्या सभेत सातव्या कलमावरून चांगलीच जुंपली. हजार रियालच्या वर खर्च करायचा, तर शाखेचे किती जण प्रत्यक्ष हजर हवेत? मोहियुद्दीन म्हणाले, तीन. मोबाइलच्या दुकानात काम करणारा सुफियान तावातावाने उठला.

"तीन जण तर चहा प्यायलाही जमतात," तो म्हणाला. "पाच लिहा. आमचा पैसा आहे."

पाच लिहिले गेले. कलम बदलायलाही पाचच हवेत, हेही त्यानेच घालून घेतले. खरे सांगते, मला तो माणूस फार आवडला.

पुढची बारा वर्षे माझा काय थाट होता! महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, मला पिशवीतून बाहेर काढत. कोणाचे ऑपरेशन असे, कोणाची मय्यत गावी पाठवायची असे. पाच हात वर झाले की धाहरानहून पैसे येत. एक रियाल इकडचा तिकडे झाला नाही. धाहरानचे खजिनदार अरीबभाई तर म्हणायचे, पक्षवाल्यांनी हिची झेरॉक्स न्यावी. मी मनातून फुगून जायचे.

मग सौदीकरण आले, म्हणजे नोकऱ्या आधी सौदी माणसांना. आमच्या माणसांच्या जागा जाऊ लागल्या. एकेकाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, खलास, की तो कायमचा गावी. जो गेला त्याचे सभासदत्व संपले, हे माझे तिसरे कलम. २०१६ साली मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसेच हवीत असा हुकूम निघाला आणि सुफियानची नोकरी गेली. तोवर शाखेत दोघेच उरले होते, तो आणि शिंपीकाम करणारे जमालुद्दीन.

सुफियानला नवा कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, मिळाला होता, खजुराच्या गोदामाचा. पण कफील बदलण्याची फी आणि बाकीचा भरणा मिळून सात हजार रियाल गुरुवारपर्यंत हवे होते. नाही तर ती जागा दुसऱ्याची. त्याची मुलगी इफरा इथल्या इंडियन शाळेत दहावीला होती. आता गावी जायचे म्हणजे तिचे वर्ष गेलेच. शाखेचे सोळा हजार धाहरानला पडून होते.

अरीबभाईंनी आपल्या अधिकारातले हजार रियाल त्याच दिवशी पाठवले. पुढे मात्र कलम सात. मोहियुद्दीन तोवर गावी परतले होते. सुफियानने त्यांना फोन लावला. ते म्हणाले, आता मी सभासदच नाही रे बाबा, माझे कोण ऐकणार. कलम बदलावे, तर त्यालाही पाचच. ती ओळ माझ्याच पोटातली, पण मला ती पुसता येत नव्हती.

बुधवारी जमालुद्दीननी हजेरीचे पान उघडले आणि पेन पुढे केले. गावी गेलेल्या तिघांची नावे लिहून टाक, म्हणाले. कोण बघतंय?

सुफियानने पेन हातात घेतले. लिही बाबा, लिही, मोड मला, असे मी जीव तोडून म्हणत होते. पण कागदाला तोंड नसते.

"मी बघतोय ना, चाचा," तो म्हणाला आणि त्याने पेनाला टोपण लावले.

गुरुवार गेला. महिनाअखेरीस सुफियान, त्याची बायको बिलकिस आणि इफरा गावी गेले. जाताना इफराने दहावीची पुस्तके खोक्यात भरून सोबत नेली. सुफियानने ते हजार रियाल धाहरानला परत पाठवले. काम झाले नाही, मग ठेवू कसे, म्हणाला.

आता शाखेत एकटे जमालुद्दीन आहेत. पहिल्या शुक्रवारी ते मला बाहेर काढतात, चष्मा लावून लिहितात: हजर, एक. मग अर्धा तास वाट बघतात, कारण तेही मीच सांगितले आहे. त्यानंतर सभा तहकूब. पैशाला कोणी हात लावू नये म्हणून मला जन्माला घातले होते. कोणी लावलेला नाही. सोळा हजार अजून सुखरूप आहेत.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मंडळाचे, पक्षाचे, राज्याचे कायदे लिहाल. तेव्हा खोली माणसांनी भरलेली असेल आणि पाच म्हणजे काहीच वाटणार नाही. माणसे कमी झाली तर काय करायचे, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा. माझ्यात तेवढी एकच ओळ नव्हती.