खिशात राहिलेलं भिंग

मी भिंग बोलतोय. घडीचं, पितळी कड्याचं, दहापट मोठं दाखवणारं. झाल्या प्रकारावर माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा मालक कीड-तपासनीस. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून भुंगे ओळखले. लांब मिशांच्या काळ्या भुंग्यांच्या दोन प्रजाती तर अगदी जुळ्या बहिणी! एक जिवंत झाड पोखरून मारते, दुसरी मेलेल्या लाकडावर जगते. फरक कुठे, तर पंखांच्या मुळाशी मधोमध एक इवलासा त्रिकोण असतो. झाडं मारणारीचा काळा, दुसरीचा पांढरा. तो दाखवायला तर मी आहे.

त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात झाडावर भुंगा बसला होता. मालकानं चार पावलांवरूनच झाडं मारणारीचं नाव सांगितलं आणि त्याला डबीत टाकलं.

"साहेब, भिंग लावून बघा की एकदा," माळी म्हणाला. "झाडं माझ्या हातची आहेत."

"अहो, मिशा बघितल्या की कळतं मला. आज करतोय का हे?"

आणि मी खिशात! त्याच्या छातीला टेकून! मला वाचा असती तर बोंब ठोकली असती.

नियम कडक. तपासनिसाची सही झाली की आठ दिवसांत आवारातल्या सगळ्या झाडांची तोड. अकराच्या अकरा झाडं गेली.

नवव्या दिवशी मालकाच्या लेकीनं भुंगा संग्रहासाठी टाचणीला लावायला डबी उघडली आणि मला डोळ्याला लावलं.

"बाबा, याचा त्रिकोण पांढरा आहे."

मालकानं मला हिसकावलं. पाहिलं. खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. पांढराच! त्याच्या श्वासानं माझी काच धुरकटली, काही दिसेना, तरी तो बघतच राहिला. म्हणजे भुंगा आवारामागच्या सरपणाच्या ढिगातून आला असणार.

संध्याकाळी तो माळ्याकडे गेला. "चूक माझी. भिंग काढलंच नाही मी."

 माळ्यानं मला मागून घेतलं आणि गुडघे टेकून तोडलेल्या झाडांचा एकेक ओंडका तपासला. एकातही पोखरल्याची खूण नव्हती.

"हे बघायला किती वेळ लागला असता, साहेब?"

"अर्धं मिनिट."

माळ्यानं मला परत मालकाच्या तळहातावर ठेवलं.

हल्ली मालक मला हातातच धरून फिरतो. तुम्हीही कितीही तरबेज झालात तरी मला बाहेर काढा, एवढंच मागणं आहे. ती अकरा झाडं वाढवायला त्या माळ्याला सव्वीस वर्षं लागली होती.