काटकोन मिस्त्रीने केलेली वाटणी

सुज्ञ वाचकहो, हयातीतच आपले राहते घर दोन पुत्रांस वाटून देणाऱ्या एका सुतार पित्याची हकीकत येथे सादर करण्याचे योजिले आहे. ही हकीकत गोड नाही, हे आरंभीच नमूद करणे माझे कर्तव्य समजतो.

या सुतारास सारे लोक काटकोन मिस्त्री म्हणत. त्याने बसविलेली चौकट कधी कलली नाही आणि त्याचा स्वभावही कधी वाकला नाही. वार्धक्य आले, घरधनीण निवर्तली, गुडघे कुरकुरू लागले, आणि मिस्त्रीच्या मनास एकाच चिंतेने ग्रासले. तरुणपणी वडिलांच्या घरावरून तो सख्ख्या भावाशी भांडला होता. भांडण एका जिन्याचे, परंतु अबोला जन्माचा. भाऊ वारला तेव्हा मिस्त्री त्याचे तोंड पाहावयासही गेला नाही. ते शल्य उरात घेऊन तो दिवस कंठीत होता. आपल्या पोरांचे तसे होऊ नये आणि आपण आपल्याच घरात सुखाने डोळे मिटावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

तो वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, “मिस्त्री, मृत्युपत्र करा. तुमच्या मागे काय ते होईल. आज घाई कसली?”

“मी मेल्यावर माप कोण घेणार? तुम्ही?” मिस्त्रीने विचारले. “माझ्या डोळ्यांदेखत वाटणी झाली पाहिजे. आजच नावावर करून टाका.”

“बरं, बक्षीसपत्र करू. पण त्यात एक ओळ घालतो. तुम्ही आहात तोवर त्या घरात राहायचा हक्क तुमचा.”

मिस्त्री ताडकन उठला. “पोटच्या पोरांकडून मी असं लिहून घेऊ? उद्या म्हणाल, घोटभर पाण्याचंही लिहून घ्या!”

“घ्याच,” वकील म्हणाले. ते हसत नव्हते.

परंतु शहाण्याला शब्दाचा मार, आणि मिस्त्री स्वतःस शहाण्याहून शहाणा समजत असे. ती ओळ कागदावर आलीच नाही.

तदनंतर त्याने घराच्या मधोमध स्वहस्ते भिंत उभारण्यास प्रारंभ केला. दोन्हीकडे दारे सारखी, खिडक्या सारख्या, स्वयंपाकाचे ओटे सारखे. करवत जेवढे लाकूड खाते तेवढेही त्याने हिशेबात धरले. भांड्याला भांडे लागायचेच, तो आवाज पलीकडे जाऊन वादास कारण होऊ नये, म्हणून दुहेरी फळ्यांच्या मध्ये त्याने भुसा ठासून भरला. दोन्ही दारांपुढे चपला काढण्यापुरता एक सामाईक बोळ ठेवला.

“बाबा, एक सूतही इकडंतिकडं नाही!” धाकटा म्हणाला. थोरल्याने भिंतीवर टकटक करून पाहिले आणि मान डोलावली. मिस्त्रीची छाती अभिमानाने फुगली.

सायंकाळी तो आपली खाट आत घेऊ लागला आणि थबकला. भिंत नेमकी त्याच्या खोलीतून गेली होती. अर्ध्या खोलीत थोरल्याचे कपाट, अर्ध्या खोलीत धाकट्याच्या मुलीचे टेबल. आराखडा त्याने आपल्या पश्चातच्या दिवसांचा काढला होता, आणि त्या आराखड्यात तो स्वतः नव्हताच!

“दोन दिवस बोळात टाका बाबा,” थोरला म्हणाला. “मग बघू काहीतरी.”

ते ‘काहीतरी’ कोणी पाहिले नाही. सकाळी मिस्त्री थोरल्याच्या दारात उभा राही, तेव्हा सून आतूनच म्हणे, “चहा तिकडं झाला असेल ना, बाबा?” धाकटीच्या दारी गेला तर ती म्हणे, “अगंबाई, मला वाटलं वहिनींनी दिला!” दोघी खोटे बोलत होत्या असेही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मिस्त्री लहानपणापासून ऐकत आला होता. ती आपल्याच घरात लागू पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. तक्रार कोणापाशी करावी? आपलेच दात, आपलेच ओठ.

एके दुपारी बोळात त्याचा पाय घसरला आणि कंबरेचे हाड मोडले. त्याने थोरल्यास हाक मारली, धाकट्यास हाक मारली. जी कारागिरी त्याने भिंतीत ओतली होती तीच त्याने दारांतही ओतली होती, आणि दोन्ही दारे घट्ट लावलेली होती. आत दोन्ही संसार सुखाने चालले होते. दूधवाला आला तेव्हा मिस्त्री उचलला गेला.

भिंत उभी राहिल्यापासून दोघे पुत्र इस्पितळात प्रथमच एकाच बाकावर बसले.

“आमच्याकडं खाट मावत नाही, बाबा. मापं तुमचीच आहेत,” थोरला म्हणाला.

“माझ्याकडंही तेवढीच जागा,” धाकटा म्हणाला. “सारखंच केलंय ना तुम्ही.”

“मग?”

“गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे,” थोरला म्हणाला. “ स्वच्छ आहे, डॉक्टर येतो. खर्च निम्मा-निम्मा. आमचं ठरलंय.”

मिस्त्रीने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले. “यावरून भांडलात?”

“छे हो!” थोरला जवळजवळ दुखावला. “एका शब्दानंही नाही.”

“भांडला असता तर बरं झालं असतं रे,” मिस्त्री म्हणाला. “एकजण तरी मला ठेवून घेऊ म्हणाला असता.”

मग धाकट्याने गाडी कितीला बोलवायची ते विचारले आणि थोरल्याने वेळ सांगितली. त्यावरही त्यांचे एकमत झाले.

येणेप्रमाणे ही हकीकत पुरी होते. आपला अमूल्य वेळ खर्चून ती वाचल्याबद्दल, आणि माझ्यासारख्या चार यत्ता शिकलेल्या माणसाच्या लेखणीस सांभाळून घेतल्याबद्दल मी आपणां सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
अण्णा बाइंडर