पळणारे थेंब

लीलाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि विशाखानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. संगणकाच्या मंजुषा मॅडमनी बजावलंच होतं: आपली वेबसाइट दुसऱ्याच्या हातात दिली की तोंड उघडायचं नाही. माणूस कुठं अडतं, ते फक्त बघायचं.

गल्लीत पाणी यायचं आठवड्यातून एकदा. कधी, ते ठाऊक फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कडुबाकाकांना. ते विशाखाला फोन करणार, ती वेबसाइटवर टाकणार, आणि बायकांचं नळापाशी ताटकळणं संपणार. पण लीलाबाईंना जमलं तर. त्या ज्याला 'व्हय' म्हणायच्या, त्यालाच गल्ली 'व्हय' म्हणायची.

"नाव इचारायलंय बघ हे," लीलाबाई म्हणाल्या आणि मोबाइल तोंडाशी नेऊन ठणठणीत आवाजात सांगून मोकळ्या झाल्या, "लीलाबाई! गल्ली नंबर तीन!"

विशाखानं ओठ चावला.

मग त्यांचं बोट 'पुढे'वर पडलं. निळाशार नळ उमटला आणि त्यातून थेंब टपाटपा पळायला लागले. विशाखानं दिवाळीची अख्खी सुट्टी त्या थेंबांपायी घालवली होती! लीलाबाईंचा चेहरा फुलला. तिचाही.

"अगं बया, पाणी आलं!"

मोबाइल टाकून त्या थेट मोटारीच्या बटणाकडं धावल्या.

"मावशी, नका! कोरडी मोटार जळंल!"

"मग हे काय सांडायलंय?"

"ते... शोभेचं आहे."

"पाण्याची बी शोभा करत्यात व्हय?" लीलाबाई खळाळून हसल्या. "आन् पाणी कधी, ते कुठंय?"

ते होतं तिसऱ्या पानावर, खाली.

विशाखा उंबऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसली. नाव विचारणं काढलं. रंगीत मेनू काढला. थेंबांवर बोट बराच वेळ अडलं; मग तेही गेले. पांढऱ्या पडद्यावर ठसठशीत अक्षरांत एकच ओळ उरली: पाणी शुक्रवारी, सकाळी सात वाजता. एवढ्यासाठी का कुणी वेबसाइट करतं?

लीलाबाईंनी मोबाइलवर एक नजर टाकली, तो बाजूला ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. शाबासकी नाही, काही नाही.

इतक्यात पलीकडून सारजाबाईंनी हाक दिली. "लीलाबाई, पाणी कधी यायलंय वो?"

"शुक्रवारी. सातला."

"कुणी सांगितलं?"

लीलाबाईंचा हात थांबला. त्या आठवू लागल्या.

"कुणी बाई... ठाव हाय की."

विशाखानं एक जुडी आपल्यापुढं ओढली आणि हसू लपवत, मान खाली घालून भराभर पानं खुडायला लागली.