उसनी प्रार्थना

टण्ण.

बाबांचा चमचा कपाच्या कडेवर वाजला आणि माझ्या नायकाचा गुडघा जमिनीच्या वीतभर वर तसाच अडकला. बिचारा मागणी घालायला वाकत होता, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात लिहून दाखवायची पाटी. आतापर्यंतच्या सगळ्या पानांत त्याने फक्त टोपी काढली होती आणि पुन्हा घातली होती. आज कुठे धीर झाला, तर माझ्या बाबांना पाणी हवं होतं.

एकदा टण्ण म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे उशी, आणि सारखं टणटणटण म्हणजे भिंगरीला पाठव. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली आहे. बाकी डोकं शाबूत, खोड्याही शाबूत. भिंगरी म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. नाव बाबांनीच ठेवलेलं. आम्हीही तिला तेच म्हणतो, पण ती तोंड वाकडं करते. "तुम्हाला नीट येत नाही. आजोबा म्हणायचे तेव्हा ते गोल फिरायचं."

ती दुपारी झोपली की मी लिहिते. इस्त्रीच्या टेबलावर, कारण घरात तेवढीच एक जागा अशी आहे जिच्या जवळ कोणी फिरकत नाही. न जाणो, इस्त्री करावी लागेल. मी दोनशे वर्षांपूर्वीच्या, देवभीरू माणसांच्या प्रेमकथा लिहिते. आमच्या धंद्याचे नियम कडक आहेत. चुंबन एकच, तेही लग्नानंतर, शेवटच्या पानावर. खलनायकाने एकतर पश्चात्ताप करायचा, नाहीतर घोड्यावरून पडायचं. आणि नायिकेच्या घरात ऐन प्रार्थनेच्या वेळी कोणीही "आई, झाली" म्हणून आतून ओरडायचं नाही.

या खेपेचा नायक घंटा ओतणारा कारागीर होता. चर्चच्या मनोऱ्याला लागलेल्या आगीत धुरामुळे त्याचा आवाज गेलेला. "हे कुठून सुचलं?" नवऱ्याने विचारलं. पलीकडच्या खोलीतून टण्ण झालं. त्याने पुढे विचारलं नाही.

अडचण झाली ती नायिकेची. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या नायिका प्रार्थना करत नाहीत हो, अर्ज करतात. खाली सही तेवढी राहते."

खोटं नव्हतं. मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा देवाला महोदय म्हणावंसं वाटलं. माझ्या स्वतःच्या प्रार्थना म्हणाल तर अलीकडे त्या बाळबोध झाल्या होत्या: झोपू दे तिला, अजून अर्धा तास, प्लीज.

त्या संध्याकाळी भिंगरी आजोबांच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली. रोज बसते. मी तिचे मोजे गोळा करत होते. एरवी मी ऐकत नाही, पण तेव्हा ऐकलं.

"देवा, आजोबांचं बोलणं तू कुठे ठेवलंयस? वरच्या फळीवर ठेवलं असशील तर सांग. आई स्टूल घेऊन काढेल. आणि हरवलं असेल तर रागावणार नाही, पण खरं सांग. आमेन."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी मोजे हातात धरून उभी, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिलं काय आलं? हे नायिकेच्या तोंडी किती शोभेल!

पांघरूण घालताना तिला विचारलं, "भिंगरे, तुझी प्रार्थना माझ्या गोष्टीतल्या ताईला देऊ का? तिलाही कोणाचं तरी बोलणं शोधायचंय."

तिने विचार केला. तिचा लाल पेन्सिल शार्पनर मी एकदा नेऊन हरवला होता, ते ती विसरलेली नव्हती.

"दे. पण झालं की परत आण."

त्याच रात्री प्रकरण लिहून पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी संपादकबाईंचा फोन. नाक ओढत होत्या. "बाई, रडवलंत! अशी प्रार्थना आजवर आमच्याकडे आली नाही. आता पुढच्या प्रकरणात त्याला बोलता करा."

"तो बोलणार नाहीये," मी म्हटलं. "शेवटपर्यंत मुकाच राहील. ती तशीच लग्न करेल त्याच्याशी."

"आणि वेदीपुढे शपथ कशी घेणार?"

"मान हलवेल."

"मान घोडासुद्धा हलवतो. वाचकांनी तिच्याबरोबर हात जोडलेत, त्यांना तसंच बसवून ठेवणार का? मागितलं की मिळालं पाहिजे, तेही लग्नाच्या आधी. नाहीतर पुस्तक छापता येणार नाही."

मी गॅसवर दूध ठेवलं, इस्त्रीच्या टेबलापाशी गेले, आणि ते उतू जायच्या आत नायकाला वाचा दिली. डॉक्टरांना, व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंना, आम्हा सगळ्यांना जे जमलं नव्हतं ते मी एका परिच्छेदात उरकलं. पहिला शब्द म्हणून त्याने नायिकेचं नाव घेतलं. छान झाला परिच्छेद. मला स्वतःला भरून आलं, आणि त्या नादात दूध उतू गेलंच.

पुस्तक आलं तेव्हा सगळ्यात आधी आत्याने ओढून घेतलं. आत्या बाबांची धाकटी बहीण, दुपारी येऊन त्यांना वाचून दाखवते. शेवटचं पान पाहून चुंबन असल्याची खात्री करते, मग पहिल्या पानावर येते.

"दादा, ऐक. तुझ्या लेकीचा नायक अजून टोपीच काढतोय. टक्कल पडेल मेल्याला."

बाबांचे खांदे हसण्याने हलले. भिंगरी पायथ्याशी बसून बाहुलीचे केस विंचरत होती. मी दारात भांडी पुसत उभी. पुढचं पान कोणतं हे मला ठाऊक होतं, आणि आत्याला पाणी विचारावं, फोन वाजल्याचं सांगावं, असं मनात येत असतानाच तिने वाचायला सुरुवात केली. वरची फळी. "मी स्टुलावर चढून काढीन." एवढाच बदल मी केला होता, नायिकेची आई पहिल्या प्रकरणातच वारलेली.

भिंगरीचा कंगवा थांबला. "ते माझं आहे," ती आजोबांना हळूच म्हणाली. "मीच दिलंय."

आत्या वाचत राहिली. नायकाचे ओठ हलले. नायिकेचं नाव खोलीभर घुमलं, आणि आत्याने डोळ्याला पदर लावला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी चमचा उचलला, कपाजवळ नेला, आणि न वाजवता खाली ठेवला.

मला वाटलं, आता भिंगरी रडेल. ती उठली. स्वयंपाकघरातून लाकडी स्टूल ओढत आणलं, आजोबांच्या कपाटाला टेकवलं, वर चढली. चवड्यांवर उभी राहून हात ताणला. बोटं वरच्या फळीच्या बरीच खाली राहिली. मी धावत जाऊन तिला मागून धरलं.

ती चिडलेली नव्हती. नुसती हिशेब लावत होती.

"आई," तिने वर बघतच विचारलं, "त्या ताईचं स्टूल केवढं उंच होतं?"